ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

दिवाळी उरकली की आमच्या बीड जिल्ह्यात, शिरूर कासारच्या बाजूला रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, गोधड्यांची गाठोडी, पाण्याचं टिपाड, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेली टोळी. यंदा गावाहून पुण्याला परतताना आमची एसटी अशाच एका ट्रॅक्टरच्या मागे अडकली. ट्रॉलीतली एक तरुण बाई मोबाईल कानाशी धरून बोलत होती, दुसऱ्या हाताने पदर सावरत. माझ्या पुढच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले, "खायला नाही घरात, पण मोबाईल बघा एकेकाच्या हातात. चैन पाहिजे सगळ्यांना." शेजारच्याने मान डोलावली. मीही काही बोलले नाही, आणि ते गप्प बसणं मला अजून टोचतंय.

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कर्जमाफीचा विषय निघाला की "मोबाईल घ्यायला बरे पैसे असतात". घरकाम करणाऱ्या बाईने पगार वाढवून मागितला की "रिचार्जला पुरतात ना". या बोलण्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की मोबाईल ही हौसेची वस्तू आहे, ऐपत असलेल्याने घ्यावी, नसलेल्याने मन मारावं. माझं म्हणणं असं की हा हिशेब कधीच मोडलाय, आणि तो मोडण्यात सरकारी आदेशांचा वाटा जाहिरातींपेक्षा मोठा आहे. एखादी वस्तू हातात नसेल तर हक्काचं धान्य, हक्काचे पैसे, हक्काची नोंद मिळणार नाही, असं एकदा ठरवलं की त्या वस्तूला चैन म्हणता येत नाही. मग विचारायचं एवढंच उरतं, की तिचा खर्च कोणाच्या पदरात टाकायचा. आज तो ज्याला परवडत नाही त्याच्याच पदरात पडतो आहे.

माझी काकू वीस-बावीस वर्षं ऊस तोडायला जाते. काका आणि ती मिळून एक कोयता; ऊसतोडीत जोडीने काम करणाऱ्या दोघांना असंच म्हणतात. यंदा त्यांची टोळी कोल्हापूर जिल्ह्यात आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तिला २०२४ पासून मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासाठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, सुरू झाली. संकेतस्थळावर आधी बाईचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी घ्यायचा. मग नवऱ्याचा, लग्न झालेलं नसेल तर वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, दुसरा ओटीपी घ्यायचा. दोन्ही ओटीपी येणार आधारला जोडलेल्या नंबरवर. मुदत आधी १८ नोव्हेंबरची होती, मग ३१ डिसेंबरची झाली. तो सप्टेंबर मराठवाड्यात पुराने खाल्ला. पाणी ओसरून चिखल काढून होतो तोवर टोळ्या निघाल्या.

काकूच्या आधारला नंबर आहे तो माझ्या चुलतभावाचा. आधार काढलं तेव्हा घरात मोबाईल एकच होता आणि तो त्याच्याकडे असायचा. भाऊ आता चाकणला कामाला आहे, आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. काकांच्या आधारला जो नंबर आहे तो बरेच महिने रिचार्ज न झाल्याने बंद पडला आणि दुसऱ्याच कुणाला मिळाला. लावला तर नाशिककडचे कोणी अनोळखी गृहस्थ उचलतात. असं होणं नियमात बसतं. नव्वद दिवस वापर नसला की नंबर बंद करता येतो आणि पुढे तो नव्या गिऱ्हाइकाला दिला जातो. दर अठ्ठावीस दिवसांना ज्याच्या हातात पैसे असतीलच असं नाही, त्याचा नंबर असा जातो, आणि नंबर गेला की त्याच्यावर उभी केलेली सगळी ओळखही जाते.

मी हडपसरला रात्री नऊला लॅपटॉप उघडून बसायचे. एका फोनवर काकू, दुसऱ्यावर भाऊ. पहिल्या रात्री संकेतस्थळ उघडलंच नाही. दुसऱ्या रात्री उघडलं तेव्हा भाऊ सेकंड शिफ्टला होता. तिसऱ्या रात्री त्याला ओटीपी आला, त्याने वाचून दाखवला, काकूचा टप्पा पार पडला. मग काकांचा आधार क्रमांक टाकला आणि गाडी तिथेच अडली. पलीकडून काकू विचारत होती, "आगं पोरी, आधार माझं, पासबुक माझं, पैसे माझ्या नावावर. मग त्यांचा नंबर कशाला मागतंय ते?" कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे, ती तपासायला नवऱ्याची माहिती लागते, असं मी तिला समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते खरं. पण मंग माणसानं येऊन बघावं की आमची कोपी." कोपी म्हणजे ऊसतोडीच्या जागची त्यांची झोपडी.

नंबर बदलायचा तर काकूसारख्यांना बहुतेक वेळा आधार केंद्रावर स्वतः जावं लागतं, बोटं मशीनवर ठेवावी लागतात, ७५ रुपये भरावे लागतात. पंचाहत्तर रुपयांचं काही नाही. फडावरून तालुक्याच्या गावी जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, आणि ऊसतोडीत दिवस मोडला की मुकादम खाडा धरतो. त्या दिवसाची मजुरी जातेच, वर उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबातून आणखी कापले जातात. कोयता दोघांचा, त्यामुळे एक जण गेला की दुसऱ्याचंही काम अडतं. एवढं करून तिथे पोचल्यावर ठसा जुळेलच याची खात्री नाही. ऊस तोडणाऱ्या बाईचा हात ज्याने कधी हातात घेतलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पाचटाने चिरलेली बोटं, कोयत्याच्या मुठीने पडलेले घट्टे, चिकट काळ्या राबाने भरलेल्या भेगा. त्या मशीनला जी रेघ हवी असते ती कामात झिजून गेलेली असते.

ही झाली एक योजना. शेतात या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पीकपाण्याची नोंद करायचा. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढून ती नोंद करायची. कल्पना चांगली होती. चावडीत बसून भरलेली पीकपाणी आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे, कापूस असलेल्या रानात ज्वारी लागलेली. पण माझ्या वडिलांकडे बटणांचा फोन आहे. त्यांची नोंद शेजारचा पोरगा करून देतो, वडिलांसारख्या आणखी पंधरा-वीस खातेदारांची पण करतो. त्याला ही कामगिरी कोणी दिलेली नाही, त्याचे पैसेही कोणी देत नाही. तो उद्या पुण्याला कामाला लागला तर आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं पीक सातबाऱ्यावर दिसणार नाही. आणि नोंद नसली की काय होतं तेही आम्ही पाहिलं. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनच्या अनुदानाला ई-पीक पाहणीची अट लावली होती. रानात पीक होतं, विकलं गेलं होतं, विक्रीची पट्टी घरात होती, पण मोबाईलवर नोंद नव्हती. ओरड झाली, आणि शेवटी ती अट सोडावी लागली.

याच मुद्द्यावर मला थोडं थांबायचंय. अट सोडता आली, याचा अर्थ ती अपरिहार्य नव्हती. लाडक्या बहिणीच्या केवायसीतही तेच घडलं. नवरा आणि वडील दोघेही हयात नसलेल्या बायकांचं काय, हा प्रश्न योजना आखताना कोणाच्या डोक्यात आला नसावा, कारण संकेतस्थळावर त्यांच्यासाठी जागाच नव्हती. गावोगावच्या विधवा, टाकलेल्या बायका जेव्हा केंद्रांवरून परत फिरू लागल्या, तेव्हा सांगण्यात आलं की मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या. म्हणजे वेळ आली तेव्हा माणसाने माणसाकडून कागद घेऊन काम करायची वाट निघाली. ती वाट आधीपासून सगळ्यांसाठी का नव्हती, असं विचारलं तर कोणाकडे उत्तर नाही.

गरज दोन तऱ्हेने उभी राहते, आणि दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो म्हणून घोळ होतो. आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हाची गोष्ट आजी सांगायची. पहाटे तीनला उठून जात्यावर बसायचं, दळता दळता उजाडायचं, मग पाणी, मग रान. गिरणी आल्यावर पारावरचे पुरुष म्हणायचे, गिरणीच्या पिठाला चव नाही, बायका आळशी होतील, ही सगळी चैन आहे. बायकांनी ऐकून घेतलं आणि दळणाचे डबे डोक्यावर घेऊन गिरणीची वाट धरली. वर्ष-दोन वर्षांत घरोघरची जाती कोपऱ्यात गेली. आज गिरणी तीन दिवस बंद राहिली तर गाव हवालदिल होतं. ती गरज लोकांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन निर्माण केली. कोणीही असा फतवा काढला नव्हता की जात्यावरचं पीठ खाणाऱ्याला रेशन मिळणार नाही. ज्या म्हातारीला जात्यावरच दळायचं होतं ती मरेपर्यंत दळत राहिली, तिचं काही अडलं नाही.

मिक्सर, गॅस, प्रेशर कुकर, सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच. बाईचे कष्ट वाचवणारी वस्तू आधी चैन ठरते, ती घरात आली की तिच्यावाचून पुरुषांचंच अडू लागतं. मोबाईलचीही सुरुवात अशीच झाली. चांगला होता म्हणून लोकांनी घेतला. बाजारभाव कळायला लागले, दवाखान्याची गाडी बोलावता आली, फडावरून घरी ठेवलेल्या लेकरांशी बोलता आलं. इथपर्यंत ती गिरणीसारखी गरज होती. नंतरच्या दहा-बारा वर्षांत तिचं रूप बदललं. आता मोबाईल नको म्हणायची मुभाच उरलेली नाही. गिरणीने जात्याला बंदी घातली नव्हती. ओटीपीने बाकीच्या सगळ्या ओळखींना घातली.

मनरेगाच्या कामावर हे सगळ्यात उघडं दिसलं. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून आमच्याकडे आहेत. तेव्हा मस्टरवर अंगठा उठवला की हजेरी लागायची. १ जानेवारी २०२३ पासून देशभरातल्या कामांवर मोबाईल ॲपवरूनच हजेरी घ्यायची सक्ती झाली; दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाण उमटलेलं. खोट्या हजेऱ्या थांबाव्यात हा हेतू बरोबर होता. पण डोंगरात रेंज नसली, फोटो चढला नाही, तर खोदलेली माती खोदलेलीच राहते आणि मजुरी मात्र अडकते. आणि तो फोटो काढायचा कुणाच्या फोनवर? कामावरच्या मेटच्या, म्हणजे मजुरांवर देखरेख करणाऱ्याच्या, स्वतःच्या. फावडं-टोपलं कोणी द्यायचं यावर एकेकाळी मोर्चे निघालेत. फोन कोणी द्यायचा हे कोणी विचारलंही नाही.

अंगणवाडीच्या सेविकांनी मात्र विचारलं. सरकारने त्यांना फोन दिले होते, पण ते इतके कमी क्षमतेचे की पोषण ट्रॅकरचं ॲप त्यांत धड चालेना. शिवाय ॲप इंग्रजीत. आयुष्यभर मराठीत रजिस्टर लिहिलेल्या बाईने मुलांची वजनं, उंची, आहार इंग्रजीत भरायचा, तोही अडकत अडकत चालणाऱ्या फोनवर. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. तेव्हा अनेकांना ती आडमुठेपणाची गंमत वाटली होती. मला तो महाराष्ट्रातल्या अलीकडच्या काळातला सर्वांत शहाणा निषेध वाटतो. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे काम तुमचं आहे, तर हत्यार चालणारं द्या आणि आमच्या भाषेत द्या. पदरमोड करून सरकारी काम करायला लावणं ही चोरी आहे, मग ती कितीही छोट्या रकमेची असो.

आता या चैनीवर कर किती आहे ते पाहू. मोबाईलवर जीएसटी आधी १२ टक्के होता, १ एप्रिल २०२० पासून तो १८ टक्के झाला. तारीख लक्षात घ्या. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता आणि पुढच्या काही महिन्यांत 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत राज्यातली पोरं मोबाईलवर शिकायला बसणार होती. रिचार्जवरही १८ टक्केच. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीच्या दरांची मोठी फेररचना झाली. वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाले, फार चांगलं झालं. एसी २८ वरून १८ वर आला. मोबाईल जिथे होता तिथेच राहिला. म्हणजे आज काकूचा फोन आणि बंगल्यातला एसी एकाच दराने कर भरतात. सोन्यावरचा दर ३ टक्के आहे. आठ हजारांचा साधा फोन घेतला तर त्यात सुमारे १,२२० रुपये कर असतो; तेवढ्याच पैशांचं सोनं घेतलं तर जेमतेम २३३. त्या करातला अर्धा वाटा राज्याच्या तिजोरीत जातो, त्याच राज्याच्या, जे सांगतं की मोबाईलवर केवायसी केली नाही तर पैसे बंद.

कराची यादी ही देवाने लिहिलेली नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा टिकली, कुंकू, बांगड्या करमुक्त होत्या आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के होते. बायका वर्षभर भांडल्या आणि जुलै २०१८ मध्ये तो कर शून्य झाला. काय गरजेचं आणि काय हौसेचं, हे भांडून ठरवावं लागतं. साध्या, ठरावीक किमतीच्या आतल्या फोनवरचा आणि किमान रिचार्जवरचा कर शून्यावर आणा, ही मागणी मला वह्या-पेन्सिलींच्या मागणीइतकीच सरळ वाटते. दहावी झालेल्या पोराला तर ती नक्की पटेल. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पूर्वी ही पद्धत मोठ्या शहरांपुरती होती. आता मेळघाटातल्या धारणीच्या पोरालाही गावातल्याच कॉलेजात जायचं तरी अर्ज, पसंतीक्रम, यादी सगळं पडद्यावर.

फोन असला तरी तो कुणाचा, हा प्रश्न राहतोच, आणि मला तो कराहूनही मोठा वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारलं होतं, स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का? देशात ५४ टक्के बायकांनी हो म्हटलं. इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, गावात ते डोळ्यांना दिसतंही. पण आधारला नंबर जोडला गेला तो आधीच्या काळात, आणि तो बहुतेक ठिकाणी नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा आहे. बाईच्या नावावर खातं, खात्यात थेट पैसे, हे सगळं तिच्या हातात काही यावं म्हणून केलं. आणि त्या खात्याची किल्ली मात्र घरातल्या पुरुषाच्या खिशात गेली. नवरा चांगला असेल तर तो ओटीपी वाचून दाखवतो. भांडण झालेलं असेल, तो दारू पीत असेल, तिला सोडून गेला असेल, तर ते आकडे येतात आणि दहा मिनिटांत विरून जातात. तिला कळतही नाही. गरज आणि चैन यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा या बाईच्या जागी उभं राहून पाहावं.

दुसरी बाजू मी टाळणार नाही, कारण ती खोटी नाही. सातबाऱ्यासाठी माझ्या वडिलांनी तलाठ्याच्या किती खेपा घातल्या हे मी लहानपणी पाहिलंय. कधी साहेब मीटिंगला, कधी बुक घरी. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, पुण्यात बसून मी तो काढते आणि बँक तो घेते. निराधारांचे पैसे हातोहात वाटले जायचे तेव्हा वाटेत किती गळायचे, ते गावाला माहीत होतं. थेट खात्यात पैसे आल्याने ती गळती थांबली, हे मान्य करायलाच हवं. जुनी खिडकी जशीच्या तशी परत आणा असं मी म्हणत नाही. पण गळती थांबवायची तर पाइप नीट बसवतात. तहानलेल्याला नळापासून दूर हाकलत नाहीत. खोट्या लाभार्थ्याला पकडायचा भार खऱ्या लाभार्थ्याने वाहायचा, तोही स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःचा खाडा पाडून, हे कुठल्या न्यायात बसतं?

न्यायालयं या बाबतीत सरकारांच्या पुढे गेली आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयापुढे एका कॉलेजच्या मुलीचं प्रकरण आलं. वसतिगृहात ठरावीक वेळेत मुलींना मोबाईल वापरायला बंदी होती, तिने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढून टाकलं होतं. न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटपर्यंत पोचणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. त्याच केरळने पुढे २०२३ मध्ये स्वतःचं फायबरचं जाळं सुरू केलं आणि वीस लाख गरीब घरांना फुकट जोडणी द्यायचं उद्दिष्ट ठेवलं. उद्दिष्ट गाठणं अवघड आहे, पण निदान तिथे सरकारने मान्य केलं की वस्तू गरजेची आहे तर ती पुरवणंही आपलं काम आहे. मग ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अॅसिडहल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या लोकांनी दाद मागितली होती. बँका केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगत होत्या आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. न्यायालयाने म्हटलं, डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, कागदी केवायसीची वाटही चालू ठेवा, असे आदेश दिले.

ज्याला डोळे मिचकवता येत नाहीत त्याच्यासाठी वाट ठेवायची, तर जिच्या बोटावर रेघ उरली नाही तिच्यासाठीही ठेवायला हवी, आणि जिच्याकडे स्वतःचा नंबर नाही तिच्यासाठीही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अमुक दाखला अमुक दिवसांत मिळालाच पाहिजे, नाही मिळाला तर अपील करता येतं, असा तो कायदा. त्यात एक कलम घालता येईल: कोणतीही सरकारी योजना किंवा सेवा केवळ मोबाईलवर अवलंबून राहणार नाही, गावातच, माणसासमोर, फुकट ती पूर्ण करता येईल, आणि मोबाईल नसल्याच्या कारणाने कोणाचाही लाभ थांबवला जाणार नाही. हे कसं करायचं याचा शोध लावायची गरज नाही. ग्रामपंचायतीत संगणक आहे, अंगणवाडी सेविका आहे, आशा आहे, रोजगार सेवक आहे. त्यांना चालणारं यंत्र, रिचार्जचे पैसे आणि या कामाचा मोबदला द्यायचा एवढंच आहे. ऊसतोडीच्या भागात तर कारखान्याच्या तळावर हंगामात दोन वेळा आधारचं आणि केवायसीचं शिबिर भरवणं अजिबात अशक्य नाही. कोणत्या तळावर किती कोपी आहेत हे कारखान्याला माहीत असतं, मुकादमाला तर माणूस न् माणूस माहीत असतो.

एवढं लिहूनही एक गोष्ट राहतेच. मी काकूच्या फोनची बाजू मांडते आहे ती त्यावर ओटीपी येतो म्हणून, केवायसी होते म्हणून; जणू उपयोगाचा आहे हे सिद्ध झालं तरच गरिबाने फोन बाळगावा. हे मला स्वतःला पटत नाही. काकूची नात गावात तिच्या आईच्या आईकडे ठेवलेली आहे, चार वर्षांची. कोपीत वीज नाही, म्हणून काका संध्याकाळी रस्त्यावरच्या टपरीवर दहा रुपये देऊन फोन चार्ज करून आणतात. रात्री भाकरी झाल्या की काकू चुलीच्या उजेडात फोन समोर धरते आणि नात पलीकडून दात दाखवते, नवी फ्रॉक दाखवते, कधी नुसतीच रुसून बसते. रेंज कमी असली की चित्र थांबतं. थांबलेल्या चित्राकडेही ती बघत राहते. याला कोणी चैन म्हणत असेल तर म्हणू दे. दिवसाला चौदा तास ऊस तोडणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या बाईला एवढी चैन असायला कोणाच्या परवानगीची गरज नसावी.

काकांचा जुना नंबर अजून आधारलाच आहे. डिसेंबरात मी काकूला म्हटलं, तुझ्या नावाचं वेगळं सिम घेऊ आणि तेच तुझ्या आधारला जोडू, भावाचा नंबर काढून टाकू. तिने आधी भावाला वाईट वाटेल का ते विचारलं, मग हो म्हणाली. सिम घेतलं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती गावी येईल तेव्हा तिला आणि काकांना घेऊन मी केंद्रावर जाणार आहे. तोवर बोटांच्या भेगा थोड्या भरतील, असं ती म्हणते. नंबर तिने टोळीतल्या एका पोरीकडून वहीच्या कागदावर लिहून घेतलाय आणि तो कागद पिठाच्या डब्याच्या झाकणात चिकटवलाय. परवा फोन केला तेव्हा तिने मला थांबवलं, "तू बोलू नको, मी म्हणते," आणि दहाही आकडे सावकाश, न चुकता म्हणून दाखवले.